दोनशे पानी थाई

नागपूरच्या धरमपेठेत दर दोन गल्ल्यांआड असे एक काका असतातच. परदेश सहलीचा पहिला हप्ता भरला, की दुसऱ्या दिवशी ते बर्डीवरून दोनशे पानी रजिस्टर आणतात, पट्टीने तीन रकाने आखतात (मराठी, उच्चार, प्रसंग) आणि त्या देशाची भाषा शिकायला बसतात. काकू तोवर चिवडा किती न्यायचा याचा हिशेब करतात. सहलीची खरी तयारी आपणच करतोय, अशी दोघांचीही खात्री असते.

आमच्या शेजारच्या काकांनी थाई घेतली. कानात मोबाइलचे धडे घालून ते अंबाझरीला फिरायला जात आणि मोठ्याने घोकत, 'खोप खुन! खोप खुन!' म्हणजे धन्यवाद. समोरून येणाऱ्याला त्यातला 'खून' तेवढा ऐकू येई. आठवड्याभरात अख्खा रस्ता त्यांना मोकळा मिळू लागला.

सरावासाठी ते दीक्षाभूमीलाही दोन खेपा घालून आले. थायलंडचे भिक्खू तिथे येत असतात. खरं तर भाषा आपलीशी कशी करतात हे काकांना गावातच बघता आलं असतं. भदंत सुरेई ससाई जन्माने जपानी. १९६० च्या दशकात नागपुरात आले आणि हिंदीतून भाषणं करत इथलेच झाले. पण ते मुक्कामाला आले होते. काकांची सहल पाच रात्रींची.

'थाई म्हणजे आपलीच भाषा ना बाप्पा,' त्याच सहलीला निघालेल्या मला काका विमानात सांगत होते. 'सवद्दी म्हणजे स्वस्ति. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. घरीच तर जाऊन राहिलो आपण!' शब्द खरेच आपल्याकडचे. पण थाईत सूर पाच, आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. रजिस्टरमध्ये सुरांचा रकाना नव्हता.

पहिला घात हॉटेलातच झाला. मोबाइलवर शिकवणारी बाई होती. थाईत बायका वाक्याच्या शेवटी 'खा' म्हणतात, पुरुष 'ख्रप'. काका हात जोडून भारदस्त आवाजात म्हणाले, 'सवद्दी खा!' काउंटरवरची मुलगी ओठ दाबून हसली. मागून काकू म्हणाल्या, 'अहो, सगळ्यांना काय खा खा करून राहिले? त्यांचं झालं असेल.'

या जातीच्या माणसाची खरी अडचण उच्चाराची नसतेच. त्याला प्रश्न पाठ असतात, उत्तरं कोणी शिकवलेली नसतात. एका देवळाबाहेर काकांनी रखवालदाराला स्वच्छतागृह कुठे, हे अस्खलित थाईत विचारलं: 'हाँग नाम यू थी नाय ख्रप?' तो बिचारा खूश झाला. दोन्ही हातांनी वळणं दाखवत मिनिटभर बोलला. काका गंभीरपणे मान डोलवत राहिले, 'खोप खुन ख्रप' म्हणाले आणि माझ्याजवळ येऊन कुजबुजले, 'पाटी दिसते का कुठे, पाहा ना जरा.'

बाजारात तर त्यांचं काळीजच तुटलं. दोन महिने खपून त्यांनी शंभरपर्यंत आकडे पाठ केले होते. एक पर्स उचलून ऐटीत विचारलं, 'थाउ राय?' केवढ्याला? दुकानदारणीने तोंडातून शब्द न काढता कॅल्क्युलेटर पुढे केला. काका त्या आकड्याकडे बघतच राहिले. काकूंनी कॅल्क्युलेटर ओढला, निम्मा आकडा दाबला आणि परत सरकवला. तिने मान हलवून दुसरा दाबला. यांनी तिसरा. चौथ्या खेपेला पर्स पिशवीत पडली. काकांच्या वाट्याला फक्त 'खोप खुन' उरलं.

तरी एका शब्दाने त्यांना तारलं: 'नित नॉय', थोडं थोडं. थाई येते का, असं कोणीही विचारलं की काका लाजून 'नित नॉय' म्हणत आणि समोरचा खूश होई. परतेपर्यंत तो शब्द त्यांच्या जिभेवर पक्का बसला.

आल्यावर आम्ही बर्डीला संत्री घ्यायला गेलो. आमचं शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. दुकानदार दिसला की हिंदी सुरू, ही सवय तेव्हापासून जी जिभेला चिकटली ती आजतागायत. काकांनीही सुरू केलं, 'भैया, संत्रा कैसा दिया? ठीक से लगाओ ना.' दहा मिनिटं घासाघीस झाली. शेवटी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी वऱ्हाडीत बोलता बोलता तो काकांकडे वळला.

'काका, मराठी येते का तुम्हाले?'

काका लाजून म्हणाले, 'नित नॉय.'