स्कोअर कोणता पाठवावा, कोणता गिळावा

नवी मुंबईत बारावीच्या मुलाचे पालक असाल, तर जून येईपर्यंत घरात स्कोअरांचा चांगलाच साठा झालेला असतो. जानेवारीची जेईई, एप्रिलची जेईई, सीईटी, सीवूड्सच्या मित्राने दिली म्हणून दिलेली सॅट आणि वर बोर्ड. यातला कोणता कुठे पाठवायचा याचं एक शास्त्र आहे. ते पाळलं तर मूल कॉलेजात जातं आणि आई-वडिलांना सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभं राहता येतं. यातली दुसरी गोष्ट जास्त अवघड.

सोपी बाजू आधी उरकू. जेईई मेनच्या दोन सत्रांतला चांगला स्कोअर परीक्षा घेणारी एनटीए स्वतःच धरते; रँक लावताना जानेवारीचा विषय कोणी काढत नाही. सीईटीही २०२६-२७ च्या प्रवेशांसाठी दोनदा घ्यायचं राज्याने ठरवलं. त्यातला चांगला पर्सेंटाइल धरायचा. नेरूळ-ऐरोलीच्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या बहुतेक जागा सीईटीवर भरतात, पण १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी जेईईवाले आधी, सीईटीवाले नंतर. म्हणून कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या अर्जात दोन्ही स्कोअर भरावेत. जेईईचा आकडा लाज आणणारा असला तरी भरावा. संगणक आपला नातेवाईक नसतो. जेईई की सीईटी यावरून घरात वाद झालाच, तर मनाला लावून घेऊ नका. खुद्द राज्य सरकारने २०१४ आणि २०१५ साली जेईईवर प्रवेश दिले आणि २०१६ मध्ये पुन्हा सीईटी धरली.

बोर्डाचं म्हणाल तर खुल्या वर्गाला इंजिनिअरिंगच्या पात्रतेसाठी ठरलेल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के पुरतात. त्यावरचे सगळे टक्के गावी आजीकडे पाठवावेत. तिथे त्यांची कदर होते.

आता पर्सेंटाइल. हा आकडा नेहमी एककाशिवाय उच्चारावा. ‘चौऱ्याण्णव पडले’ एवढंच म्हणावं आणि लगेच चहाचं विचारावं. २०२५ साली जेईई मेनला १४ लाखांवर मुलं बसली होती. त्यात ९४ पर्सेंटाइल म्हणजे पुढे ऐंशी हजारांवर मुलं उभी. हा गुणाकार पाहुण्यांच्या डोक्यात सुरू होण्याआधी चहा आलेला बरा.

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीची सॅट १६०० पैकी असते. कॉलेज बोर्डाच्या ‘स्कोअर चॉइस’मुळे कोणत्या तारखेचा निकाल पाठवायचा ते तुम्ही ठरवता. बरीच विद्यापीठं ‘सुपरस्कोअर’ही करतात, म्हणजे एका तारखेचं गणित आणि दुसऱ्या तारखेचं इंग्रजी जोडून घेतात. आपल्याकडच्या आया हे कधीपासून करतात. फक्त गणित थोरल्याचं असतं आणि इंग्रजी धाकट्याचं. एमआयटीने २०२२ साली परीक्षा पुन्हा सक्तीची केली, तिथे पर्याय नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ स्कोअर बघतच नाही, कितीही प्रेमाने पाठवा. जिथे परीक्षा ऐच्छिक आहे, तिथे कॉलेजने आपल्या मुलांच्या मधल्या निम्म्या गटाचा जो पट्टा छापलेला असतो तो बघावा. आपला आकडा त्याच्या खाली असेल, तर मौन पाळावं. जॉर्जटाऊनने मात्र वर्षानुवर्षं दिलेल्या सगळ्या परीक्षांचे सगळे स्कोअर मागितले आहेत. त्या विद्यापीठाला डोंबिवलीत मावशी असावी.

कारण आपल्याकडची खरी प्रवेश समिती म्हणजे ही मावशीच. मावशीला स्कोअर चॉइस मान्य नाही. तिला जानेवारीही हवा, एप्रिलही हवा, शिवाय शेजारच्या मुलाचा किती तेही हवं. तिच्यापुढे स्कोअर न ठेवता कॉलेज ठेवावं, आणि तेही अजून न मिळालेलं. परदेशी विद्यापीठांसाठीच्या सिडकोच्या एज्युसिटीने यात मोठीच सोय केली आहे. २०२५ च्या जूनमध्ये अ‍ॅबर्डीन, यॉर्क अशा पाच परदेशी विद्यापीठांना मुंबई-नवी मुंबईत शाखा उघडण्यासाठी इरादापत्रं मिळाली. तेव्हा ‘यॉर्कचं बघतोय’ असं म्हणावं. ते इथलं की इंग्लंडचं, हे विचारायचं मावशीच्या लक्षात येईपर्यंत विषय लग्नावर गेलेला असतो.

क्लासवाल्यांना स्कोअर कळवायची गरज नाही. चांगला आला, तर ते तुमच्या आधी फ्लेक्स छापतात. नाही आला, तर त्यांना तुमचं मूल आठवत नाही.

एक काम मात्र गंभीरपणे करा. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा तिथेच पक्की होते. ती घेतली नाही, तरी पुढच्या फेऱ्यांत बसता येत नाही. तेव्हा यादीत सगळ्यात वर मावशीला ऐकवायला बरं वाटणारं कॉलेज टाकू नका. पोरगं चार वर्षं हार्बरच्या गाडीने रोज जायला तयार आहे ते कॉलेज टाका, आणि टाकण्याआधी पोराला विचारा.