उत्तरचाचणी कधीच नापास होत नाही

बी.एड. महाविद्यालयाच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याला विचारा, कृतिसंशोधन म्हणजे काय? तो लगेच सांगेल: साठ पानं, वर प्लास्टिक, स्पायरल बाइंडिंग, उद्या संध्याकाळी या. विषयही तयार असतो. 'इयत्ता सहावीतील विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनातील चुकांचा शोध व उपाययोजना.' इयत्ता आणि शाळा तेवढी बदलायची. (पहिल्याच पानावर 'शुद्धलेखन' चुकलेलं असतं, पण ते संशोधनाच्या व्याप्तीबाहेर.)

आत सगळं शास्त्रोक्त. पूर्वचाचणीत पोरं गटांगळ्या खातात. मग तक्ते, खेळ, पंधरवड्याचा उपक्रम, आणि उत्तरचाचणीत मध्यमान अशी उसळी मारतं की शेअर बाजारानं लाजावं. उपाय फसल्याची फाईल माझ्या तरी पाहण्यात नाही. तरीही पुढच्या वर्षी त्याच शाळेत, त्याच चुका करणारी मुलं नव्या संशोधकाला मिळतातच. नशीब एकेकाचं!

गंमत म्हणजे, कृतिसंशोधनाची कल्पना रुजवणाऱ्या कर्ट लेविनची १९४६ साली तक्रारच होती, की नुसती पुस्तकं प्रसवणारं संशोधन काय कामाचं? पुढे १९५३ मध्ये स्टीफन कोरी यांनी अमेरिकी शाळांसाठी पुस्तक लिहून शिक्षकांनाच स्वतःच्या वर्गाचं संशोधक व्हायला सांगितलं. आपल्याकडे प्रश्न मार्गदर्शक देतात, उत्तर सीनियरची फाईल.

खरं काम केवढंसं असतं बघा. चौथीतला मुलगा ५०२ मधून १७८ वजा करून ४७६ लिहितो. लाल फुली मारून पुढं जाता येतं. पण जरा थांबलं तर दिसतं, पोरगं बेफिकीर नाही. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक इमानदारीनं वजा करतंय. पाचातून एक, सातातून शून्य, आठातून दोन. हातच्याची वजाबाकी त्याच्या गावीही नाही. वर्गात असे किती, ते मोजायचं. काड्यांचा गठ्ठा सोडून दहा सुट्ट्या करून दाखवायच्या. आठवड्यानं तसंच दुसरं उदाहरण घालायचं. निम्म्यांना जमलं नाही, तर रीत बदलून पुन्हा बघायचं. वहीची दोन पानं पुरतात. ऋणनिर्देशात आईवडिलांचे आभार न मानताही हे होतं.

पण त्या दोन पानांना गुण कोण देणार? प्रमाण विचलन नाही, संदर्भसूची नाही, बाइंडिंग तर नाहीच.

तेव्हा परीक्षक मंडळींना विनंती: यंदाच्या ढिगात 'माझा उपाय फसला, आणि तो यामुळे फसला' असं लिहिलेली एखादी फाईल सापडलीच, तर सगळ्यांत जास्त गुण तिला द्या.