लिनक्सकाका

लिनक्सकाका जन्मतः लिनक्सकाका नसतात. चाळिशीपर्यंत ते चारचौघांसारखेच असतात. भोसरीच्या कंपनीत क्वालिटीला नोकरी, चिंचवडला टू बीएचके, कपाटात कोणाकडून तरी आणलेली विंडोजची सीडी. मग एखाद्या पावसाळ्यात लॅपटॉप चालू व्हायला चहा उकळण्याइतका वेळ घेऊ लागतो, अँटिव्हायरसवाले पैसे मागू लागतात, आणि ऑफिसातला एखादा पोरगा पेनड्राइव्हवर उबंटू नावाचं लिनक्स टाकून देतो. तिथून पुढे माणूस संसारात राहतो, पण संसाराचा राहत नाही.

हल्ली प्रत्येक सोसायटीत असे एक काका निघतातच. आमच्याकडचे बी विंगमध्ये आहेत. पंथात तसे मवाळ, लिनक्समधलं सोपं मिंट वापरतात. आर्चवाल्या जहालांबद्दल आदराने बोलतात आणि त्यांच्या वाटेला जात नाहीत. ओळखायची खूण सोपी. टी-शर्टवर लिनक्सचा पेंग्विन, लॅपटॉपच्या पाठीवर पेंग्विन, कीबोर्डवर विंडोजची खिडकी असते त्या बटणावर नखाएवढा पेंग्विन. आणि कॅमेऱ्यावर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी. ‘कोण कुठून बघत असेल सांगता येत नाही,’ हे कारण. कॅमेऱ्यातून त्यांच्या घरातलं दिसण्यासारखं म्हणजे दोरीवर वाळणारे कपडे आणि भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

आता हाच माणूस दुसऱ्याचा कॅमेरा चालत नाही असं नुसतं कानावर आलं तरी पानावरून उठतो. प्रिंटर बिघडला म्हणा, काकांना बाहेरगावी जायचं असतं. ब्लूटूथ म्हणा, त्यांना बरं नसतं. पण लॅपटॉपचा कॅमेरा म्हटलात की डोळ्यांत चमक येते. काकूंचं यावर एकच म्हणणं: ‘स्वतःचा झाकायचा आणि लोकांचे उघडत फिरायचं.’

काकांना रोगी असा मिळत नव्हता फारसा. बोलावणार कोण? पण 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, तोही ऐन दिवाळीच्या तोंडावर, आणि काकांचा सीझन लागला. ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोज 11 चढत नव्हतं, त्यांच्या घरी काका फराळाला गेले आणि चकलीबरोबर मिंट टाकून आले. कोणाकडून पैसा घेतला नाही. फक्त एक अट, तासभर ऐकून घ्यायचं.

तर पद्धत अशी. काका आले की आधी चष्मा पुसतात. मग विचारतात, ‘विंडोजवर चालत होता?’ चालत होता म्हटलं की मान डोलावतात. म्हणजे वस्तू शाबूत आहे. मग टर्मिनलची काळी खिडकी उघडते. माउसला हात लावायचा नाही हा कुळाचार. पहिला मंत्र एलएसयूएसबी, म्हणजे यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी. घरातले म्हणतात, अहो, पण आपण यूएसबीला काहीच लावलेलं नाही. काकांना नेमका हाच प्रश्न हवा असतो. झाकणाच्या वरच्या कडेत बसलेला कॅमेरासुद्धा आतून यूएसबीच्याच तारांनी जोडलेला असतो, तुम्हाला वायर दिसत नाही इतकंच. बहुतेक लॅपटॉपांत असंच असतं. यादीत कॅमेऱ्याचं नाव दिसलं, तर रोग साधा. नाव दिसलंच नाही, तर बायोसमध्ये तो बंद केलेला असेल, नाहीतर कीबोर्डवरच्या एखाद्या बटणाने, नाहीतर आतली पट्टी सुटली असेल. अशा वेळी काका गंभीर होतात आणि स्क्रू ड्रायव्हर मागतात. तो मात्र देऊ नये.

नाव दिसलं की दुसरा मंत्र, एलएसमॉड. यात यूव्हीसीव्हिडिओ नावाचा ड्रायव्हर जागा आहे का ते कळतं. नसेल तर सुडो मॉडप्रोब करून त्याला उठवायचं. इथे काका हमखास थांबतात, कारण इथून इतिहास सुरू होतो. हा ड्रायव्हर 2008 साली लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे 2.6.26 या कर्नलमध्ये आला. त्याआधी जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्याचं बिऱ्हाड वेगळं. कंपन्या लिनक्सकडे ढुंकून बघत नसत. तेव्हा फ्रान्समधल्या एका डॉक्टरने, रोगी तपासणाऱ्या खऱ्या डॉक्टरने, फावल्या वेळात दोनशेहून अधिक वेबकॅमचे ड्रायव्हर लिहून टाकले. मिशेल हे त्यांचं नाव. आडनाव एक्सने सुरू होतं, म्हणून काका ते जरा घाईने म्हणतात. डॉक्टरांचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलतो. आपल्या दवाखान्यात बसलेला माणूस कुठल्याशा गल्लीतल्या पोराचा स्वस्तातला कॅमेरा चालावा म्हणून रात्री जागतो, याचं त्यांना खरोखर अप्रूप आहे. तेवढ्यापुरतं मलाही वाटतं.

मग जगातल्या पहिल्या वेबकॅमची कथा. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात कॉफीचं एकच भांडं होतं. लोक जिने उतरून येत आणि भांडं रिकामं. म्हणून 1991 मध्ये त्याच्यावर कॅमेरा रोखला, जागेवर बसून कॉफी आहे की संपली ते बघायला. चित्र काळं-पांढरं, 128 बाय 128 ठिपक्यांचं. 1993 मध्ये ते वेबवर गेलं आणि 2001 पर्यंत जगभरातले लोक एक कॉफीचं भांडं बघत बसले. ‘आणि लिनक्सची घोषणा कधी झाली? 1991, ऑगस्ट. एकच साल!’ असं म्हणून काका सगळ्यांकडे पाळीपाळीने बघतात. या योगायोगातून काय निष्पन्न होतं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

तिसरा मंत्र डीमेसेज. कर्नलने आपल्या मनातलं लिहून ठेवलेली ती वही. ओळी धबाधबा वर सरकतात आणि काका पेपरातलं छोट्या जाहिरातींचं पान वाचावं तशा वाचतात. कधी कॅमेऱ्याच्या दोन फायली निघतात, व्हिडिओ झीरो आणि व्हिडिओ वन. घरातले खूश, दोन कॅमेरे आहेत म्हणून. तसं नसतं. एकीतून चित्र येतं, दुसरीतून चित्राबद्दलची माहिती. ॲपने चुकून दुसरी धरली की पडदा कोराच राहतो. कधी परवानगीचं लफडं असतं, तुमचं नाव व्हिडिओ नावाच्या गटात नसतं. ते यूझरमॉडने घालायचं, पण त्यात जी कॅपिटलच्या आधी छोटा ए लावायला विसरायचं नाही. ए विसरलात की बाकीच्या गटांतून तुमचं नाव उडतं, मालकाचे हक्क देणाऱ्या सुडोच्याही. ए विंगमधल्या एका गृहस्थांचं तसं झालं होतं. कॅमेरा मिळाला, घराची मालकी गेली. तो ए कोण विसरलं होतं हे सोसायटीत कोणी उघड बोलत नाही.

पण काका खरे बघावेत ते आणीबाणीत. आमच्या मजल्यावरच्या मुलीचा पाहण्याचा कार्यक्रम होता, ऑनलाइन. मुलगा नेदरलँड्समध्ये, त्याचे आईवडील सांगलीला, सगळे एकाच कॉलवर. मोबाइलवर करा म्हणून मुलगी सांगत होती. पण तिच्या वडिलांचं म्हणणं, मोबाइलमध्ये आपण सगळे मावत नाही, आजी कडेला कापल्या जातात. म्हणून जुना लॅपटॉप काढला, दिवाळीत काकांनी मिंट टाकलेला. टेबलावर ठेवला, मागे सोफ्यावर चादर बदलली, कांदेपोहे झाकून ठेवले. कॅमेरा सुरू होईना. काकांना निरोप गेला. निरोप पोचायच्या आत काका पोचले.

एलएसयूएसबीत नाव होतं. यूव्हीसीव्हिडिओ जागा होता. खात्री करायला काकांनी चीज नावाचं ॲप उघडलं, हे कॅमेरा तपासायचं ॲप, आणि त्यात बी विंगच्या दिशेची खिडकी अस्पष्ट दिसली. काका म्हणाले, ‘चालतोय की!’ पण ब्राउझरमध्ये परत अंधार. डिव्हाइस बिझी. कॅमेरा एका वेळी एकाच प्रोग्रामला चित्र देतो, आणि तो आधीपासून कोणीतरी धरून बसलं होतं. काकांनी फ्यूजर नावाची आज्ञा चालवून गुन्हेगाराचा नंबर काढला. गुन्हेगार म्हणजे चीज, जे त्यांनी स्वतःच उघडं ठेवलं होतं. त्यांनी ते शांतपणे बंद केलं आणि म्हणाले, ‘लॉक होता.’

मग चित्र आलं. सगळे त्यात होते, आजीसुद्धा, आणि सगळे उलटे होते. खाली पंखा, वर पोह्यांची ताटली.

मुलीची आई मटकन बसली. काकांना मात्र गगन ठेंगणं झालं. ‘अहो, हा फेमस प्रॉब्लेम आहे!’ जुन्या काही लॅपटॉपांत कारखान्यातच कॅमेरा उलटा बसवलेला असे. विंडोजच्या ड्रायव्हरला कंपनी सांगून ठेवायची, चित्र सुलटं करून दाखव. लिनक्सला कोणी सांगितलंच नाही. शेवटी लिनक्सवाल्यांनी अशा उलट्या लॅपटॉपांची यादीच करून लिबव्हीफोरएल नावाच्या लायब्ररीत घातली. यादीतलं मॉडेल दिसलं की ती चित्र फिरवते. ‘मग फिरवा ना,’ वडील म्हणाले. अडचण एवढीच की ब्राउझर त्या लायब्ररीला विचारत नाही, थेट कॅमेऱ्याशी बोलतो. त्यावर उपाय आहे. एक खोटा कॅमेरा तयार करायचा, खऱ्याचं चित्र फिरवून त्यात ओतायचं आणि ब्राउझरला तो खोटा दाखवायचा. त्यासाठी एक मॉड्यूल बांधावं लागेल. त्यासाठी कर्नलचे हेडर उतरवावे लागतील.

‘किती वेळ?’

‘नेटवर आहे,’ काका म्हणाले आणि बाही सरसावली.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, ‘काका, लॅपटॉपच उलटा ठेवला तर?’

क्षणभर कोणी बोललं नाही. ही मुलगी हिंजवडीत काम करते हे तोवर सगळे विसरले होते. लॅपटॉप पार मागे दुमडणारा होता, तो तंबूसारखा उभा केला, पडद्याची कड टेबलावर, कीबोर्ड मागे. माणसं सुलटी झाली, पण आता पडदा उलटा. त्याला एक्सरँडरची एक ओळ लागते, इनव्हर्टेड म्हणून. ती काकांनी तंबूच्या मागे हात घालून, अंदाजाने, एकही चूक न करता टाइप केली. एंटर मारताना त्यांनी डोळे मिटले होते, हे मी स्वतः बघितलं.

कार्यक्रम झाला. कॅमेरा टेबलाला टेकलेला असल्यामुळे तिकडच्या मंडळींना आमच्याकडच्या हनुवट्या, नाकपुड्या आणि पंखा दिसला. पंखा चांगल्या कंपनीचा आहे असं मुलाचे वडील म्हणाले. पुढे ते स्थळ जमलं नाही. मुलाला तिकडेच राहायचं होतं, हिला इकडे. कॅमेऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, असं काका आवर्जून सांगतात. कोणी विचारलं नाही तरी सांगतात. मोबाइलवर केलं असतं तर, असं कोणी पुटपुटलं की त्यांचं उत्तर तयार असतं: ‘अँड्रॉइडच्या आत काय आहे? लिनक्सचाच कर्नल.’ इथे बोलणं संपतं, कारण हे खरं आहे.

माझं मत विचाराल तर काकांना चित्रात रस नाहीच. कॅमेऱ्याशेजारचा तो मोहरीएवढा दिवा लागला की त्यांचं काम संपलं. समोर नातू दिसतो की व्याही, त्यांना कळतही नाही. नमस्कार केलात तर ते तुमचा हात हलतो का एवढंच बघतात, फ्रेम सुटतात की काय म्हणून. त्यांच्या आयुष्यातलं दुःख म्हणजे नवे लॅपटॉप. त्यांतल्या काहींमध्ये कॅमेरा यूएसबीवर नसतो, तो थेट इंटेलच्या आयपीयू6 नावाच्या चित्र प्रक्रियेच्या भागाला जोडलेला असतो, आणि जुना यूव्हीसीव्हिडिओ तिथे काही कामाचा नाही. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला 2024 साली, 6.10 मध्ये. तोपर्यंत काकांनी दोन घरांत चहा नाकारला होता.

तुमच्या सोसायटीतही असे काका असतील, आणि कधीतरी तुम्हाला ते लागतीलच. तेव्हा एक विनंती आहे. हल्ली पुष्कळ लॅपटॉपांत कॅमेऱ्यापुढे एक बारीक झडप असते, नखाने सरकणारी. दिवा लागतो, ड्रायव्हर जागा असतो, परवानग्या असतात, आणि तरी चित्र काळं असतं, ते बहुतेक वेळा तिच्यामुळे. ती आधीच बघून घ्या. आणि काका येऊन बसल्यावर ती तुमच्या नजरेला पडलीच, तर लगेच बोलू नका. निदान डीमेसेजपर्यंत त्यांना पोचू द्या.