होल्डरची चौकशी

रत्नागिरीत लोखंडाचं काम करून घेणारा माणूस मुळात आशावादी असावा लागतो. समोर समुद्र, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस आणि वाऱ्यात बारा महिने मीठ. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. पुढे संध्याकाळी फिरायला जाता-येता आम्ही सगळ्यांनीच पाहिलं, की गंजाला लहानमोठं काही कळत नाही. तरी पावसाळा जवळ आला की आम्ही वेल्डरला बोलावतोच. कुणाला माकडं बाहेर ठेवायला ग्रिल हवं असतं, कुणाला अंगणावर पत्र्याची शेड, कुणाचं फाटक बिजागरीतून निसटून गड्यासारखं दमून बसलेलं असतं.

वेल्डर आला की चौकश्या सुरू. किलोवर करणार की फुटावर? अँगल किती सूत? प्राइमर एक हात की दोन? मशीन नवं असेल तर त्याचंही कौतुक होतं. पूर्वी ट्रान्सफॉर्मर टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागत, आता इन्व्हर्टर मशीन स्कूटरवर पायांच्या मधे बसून येतं. एक वस्तू मात्र कुणी विचारत नाही. केबलच्या टोकाला असलेला, रॉड धरणारा होल्डर. या सगळ्या पसाऱ्यात दिवसभर माणसाच्या मुठीत राहतो तो एवढाच, आणि वेल्डरची पारख करायची तर ती त्याच्या होल्डरवरून करावी असं माझं ठाम मत आहे. मला स्वतःला वेल्डिंग येत नाही, त्यामुळे मत ठाम असायला अडचण नाही.

वयाच्या मानानं पाहिलं तरी होल्डर घरातला थोरला. निकोलाय बेनार्दोस या संशोधकाने ओल्शेव्स्की या जोडीदारासह १८८५ साली ब्रिटनमध्ये पेटंट घेतलं, त्यात विजेच्या ठिणगीने धातू जोडण्याची तऱ्हा आहे आणि कार्बनची कांडी धरायचा होल्डरही आहे. आज आपण वापरतो तो लेप दिलेला रॉड त्यानंतर आला. ऑस्कर शेलबर्ग नावाच्या स्वीडिश माणसाला जहाजांचे बॉयलर नीट दुरुस्त करायचे होते. त्यापायी त्याने १९०४ मध्ये गोथेनबर्गला कंपनी काढली आणि रॉडला लेप चढवला. म्हणजे ही विद्या बंदरावरच वाढलेली. आमच्या मिरकरवाडा बंदरात ती आपलीच असल्यासारखी वावरते, यात नवल नाही.

मिरकरवाड्याची अडचण मात्र स्वीडनला नसावी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्यामुळे विंच, नांगर, सुकाणूचं लोखंड यांची डागडुजी करायला सवड मिळते ती नेमकी या दोन महिन्यांत, आणि तेव्हाच आभाळ फाटलेलं असतं. ताडपत्रीखाली वेल्डर उकिडवा बसलेला, खाली पाण्याचं थारोळं, हातमोजे ओलसर. रॉड जळत नसताना होल्डरवर साधारण ५० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला त्याचं फारसं काही वाटत नाही. ओल्या अंगाला, लोखंडाला पाठ टेकलेली असताना, तेवढे जीव घ्यायला पुरतात. म्हणून होल्डर संपूर्ण झाकलेला हवा. जबड्यावरच्या फायबरच्या टोप्या शाबूत हव्यात आणि उघडं पितळ कुठे डोकावता कामा नये. एवढी साधी गोष्ट. पण बहुतेक होल्डरांची एक टोपी तरी गेलेली असते आणि तिच्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळलेली असते. ट्यूब जळायला लागली की सगळ्या आळीला वेल्डर कुठे आलाय ते घरबसल्या समजतं.

होल्डर घ्यावा कसा, हे मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना पाहून शिकलो. दुकानदाराने काउंटरवर निरनिराळे होल्डर मांडले. मिस्त्रींनी भाव विचारला नाही. एकेक उचलून दाबायचा, सोडायचा, स्प्रिंग परत येताना कान द्यायचा.

“हा ६०० अँपिअरचा न्या की,” दुकानदार म्हणाला. “आयुष्यभर बघायला नको.”

“मग आयुष्यभर मनगट बघायला लागेल,” मिस्त्री म्हणाले.

हिशेब त्यांचाच बरोबर होता. ग्रिल-फाटकाला लागतो तो दहा नंबरचा रॉड, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा. तो साधारण ९० ते १३० अँपिअरवर जळतो. त्याला ३०० किंवा ४०० चा होल्डर भरपूर झाला. ६०० चा असतो जाड रॉड नि जाड प्लेटी जोडणाऱ्यांसाठी. तो दिवसभर डोक्यावर धरून शेडचे ट्रस जोडायचे म्हणजे शिक्षाच. उलट बाजूही आहे. स्वस्तातल्या होल्डरवर ४०० चा आकडा असा ठसठशीत उठवलेला असतो, की पितळ कमी आणि आकडाच जास्त वाटावा. मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढून एकाच्या जबड्याला लावलं. चटकन चिकटलं. आत लोखंड, वर मुलामा. दुकानदार पंख्याकडे बघायला लागला.

पण खरी परीक्षा होल्डर विकत घेतल्यानंतरची. होल्डर तापतो तो बहुतेक वेळा मुठीच्या आत, जिथे केबल त्याला जोडलेली असते तिथे. स्क्रू जरा सैल झाला आणि त्या सांध्यात एकच व्होल्ट खर्ची पडू लागला, तरी १०० अँपिअरला १०० वॅटची उष्णता तळहाताखाली तयार होते. करंट दुप्पट केला की ती चौपट. आमच्याकडे त्यात खारा वारा भर घालतो. केबलच्या तांब्याच्या तारा कळकतात, हिरव्या होतात, आणि वरून रबर धडधाकट दिसत राहतं. केबल अॅल्युमिनियमची असेल तर तिच्या टोकाला पांढरी भुकटी धरते. होल्डर तापला की पुष्कळ जण तो सरळ बादलीत बुडवतात. चर्र आवाज होतो, जिवाला बरं वाटतं, आणि पाणी मुठीच्या आत जाऊन उरलेल्या तारांचीही वाट लावते.

मिस्त्रींचा उपाय रुक्ष होता. मशीन बंद करायचं, मूठ सरकवायची, केबलचं खराब टोक कापून टाकायचं, तारा चकचकीत होईपर्यंत घासायच्या, त्यावर तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळायचा आणि स्क्रू आवळायचा. जबड्यातल्या खाचा वायर ब्रशने साफ करायच्या, नाहीतर रॉड हलतो आणि खाचेतच ठिणगी पडते. “गरम झाला तर पाणी नको, पाना घ्या,” एवढंच ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

आमच्या काटकसरीबद्दल मात्र ते बोललेच. रॉडचा शेवटचा तुकडा टाकवत नाही म्हणून तो पार जबड्यापर्यंत जाळायचा, ही सवय होल्डरचा जीव घेते. चार-पाच सेंटिमीटर उरलं की तुकडा काढून टाकावा. मी त्यांना विचारलं, एवढे तुकडे वाया जातात, वाईट नाही वाटत? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी घाईघाईने पावसाचा विषय काढला.

खंडेनवमीला मशीनला झेंडूची माळ पडते, ग्राइंडरला कुंकू लागतं. होल्डर खुंटीवर लटकत असतो. निदान तेव्हा त्यात रॉडचा तुकडा अडकलेला नसावा, इतकं तरी बघायला हरकत नाही.

तेव्हा वेल्डर घरी आला की पहिला प्रश्न किलोच्या भावाचा करू नका. होल्डर हातात मागून घ्या, प्लग काढलेला असताना, आणि टोप्या तेवढ्या बघा. फुटलेल्या असतील तर नवा आणायला सांगा. काही शे रुपयांत येतो. तो बिलात लावला, तर तेवढ्या ओळीवर घासाघीस करू नका.