सरांची उजळणी
१९८६च्या शैक्षणिक धोरणाने प्राध्यापकांनाही शिकवायचे ठरवले आणि अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. पुढे त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रे झाली, २०२३पासून मालवीय मिशन. पाटी बदलली, चहा-बिस्कीट तेच. आता तर तेही घरचेच, कारण उजळणी वर्ग ऑनलाइन! मेहकर तालुक्यातल्या डोणगावात बसून सर कॅमेरा लावतात, माइक बंद करतात आणि तुरीच्या फवारणीचे फोनवर उरकून घेतात. प्रमाणपत्र आले की पदोन्नतीची फाईल हलते. तासिका तत्त्वावरचे सर मात्र यातून सुटले. त्यांना पदोन्नतीच नाही, मग विकास कशाला? ते बिचारे तेवढ्या वेळात वर्गावर जाऊन शिकवून येतात.