मधले नाके

आमच्याकडं अंतर विचारलं की उत्तर वेळात मिळतं. हिंगोली-वाशिम वाटेवरच्या कनेरगाव नाक्यावर ‘वाशिम किती लांब?’ म्हणून विचारा. ‘अर्धा तास, एसटी वेळेवर आली तर,’ असं सांगतील. त्या ‘तर’मध्ये कधीकधी दीड तास मावतो.

विमानवालेही याच वळणाचे. मुंबई ते न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर. पण तिकिटावर किलोमीटर नसतात, तास असतात. थेट विमानाला जाताना सोळाएक तास लागतात. नकाशावर पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान, आफ्रिकेवरून दिसते. पृथ्वी गोल असल्यामुळं खरी जवळची वाट मात्र उत्तरेला, युरोपच्या अंगानं वळते. येताना तासा-दीड तासाची बचत होते, कारण वर आभाळात जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतात. आपले बैलही घराकडं परतताना पाय उचलतातच.

त्यात घड्याळाची गंमत. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं. रात्री दीडला निघालेला पोरगा तिथल्या सकाळी सातला उतरतो. गावातली आजी बोटं मोजून म्हणते, ‘साडेपाच तासांत? एवढ्या वेळात तर आपली एसटी नागपूरला जाईल-न जाईल!’ हिशेब चुकीचा म्हणावा, तर घड्याळ तिच्या बाजूनं.

पण आजीच्या हिशेबातून नाके सुटतात. कनेरगावकरांना ते सांगायला नको. एके काळी हिंगोलीकडं निजामाचं राज्य होतं, वाशिमकडं इंग्रजांचा वऱ्हाड. इकडं निजामाचं नाणं हाली सिक्का, तिकडं इंग्रजांचा कलदार रुपया. सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात. गाडीवाट ठरलेल्या वेळेची असली तरी झडती किती वेळ चालेल, हे नाकेदाराच्या मर्जीवर. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, १९५६ साली मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. रस्ता होता तेवढाच राहिला, पण वाशिम जवळ आलं. आज मराठवाड्यातून विदर्भात शिरताना बसमधल्या माणसाची डुलकीसुद्धा मोडत नाही.

अमेरिकेच्या वाटेवर तो नाका अजून उभा आहे, आणि एकच नाही. आधी व्हिसाची तारीख, मग सामानाचं वजन, मग अंगझडती, मग पासपोर्टवर शिक्का. पलीकडं उतरल्यावर पुन्हा रांग, पुन्हा प्रश्न, पुन्हा जकात. रुपये देऊन डॉलर घ्यायचे, ते वेगळंच. सोळा तास विमान उडतं. व्हिसाच्या मुलाखतीची वाट कधीकधी महिनोन्‌महिने पाहावी लागते.

विमानं आणखी वेगानं उडतील, उडोत बापडी. दोन गावांमधलं अंतर खरं कमी होतं ते मधला नाका उठतो तेव्हाच. तोवर पोरगा किती तासांत पोचेल असं कुणी विचारलं, तर विमानाची वेळ सांगू नका. नाके मोजून सांगा.