आजीवन बंदी, पुढच्या स्पर्धेपर्यंत

भातकापणी उरकली, मळण्या झाल्या, की कर्जत-खालापूरच्या पटांगणांवर हॅलोजन लागतात आणि याचा भाव वाढतो. नाव घेण्यात अर्थ नाही. कडावला उतरा, कशेळ्याला उतरा, नाहीतर चौक-वावोशीकडे जा. दर दोन-चार गावांमागे असा एक कबड्डीपटू असतोच. मध्यरेषा ओलांडली की तीस सेकंदांत दोन गडी टिपून परत येणार, हा त्याचा हातखंडा. परतल्यावर पुढच्या तीस सेकंदांत पंचांशी जुंपणार, हा स्वभाव.

भांडणाची बोहनी नखांवरून होते. नियमाप्रमाणे पंच नखं बघतात, अंगावरचे दागिने उतरवायला लावतात. "गावात कोणी नखं बघितली नाहीत आपली," असं म्हणत तो गळ्यातली साखळी काढून शेठच्या हातात देतो. शेठ म्हणजे फार्महाऊसचे प्लॉट विकणारा, संघाचा पुरस्कर्ता. साखळी, वकील आणि जामीन ही तिन्ही खाती त्याच्याकडेच.

हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून रवानगी. तिन्ही रंग याने एकाच रात्री पाहिलेले आहेत. मैदानातल्या सरपंचांची कॉलर धरली म्हणून एक बंदी, गावच्या सरपंचांची धरली म्हणून एक गुन्हा. त्याच्या संघाला 'शिस्तबद्ध संघ' हा चषक आजवर एकदाच मिळाला. त्या रात्री तो पोलीस ठाण्यात बसून होता. सकाळी सुटल्यावर चषकासोबत फोटो मात्र त्यानेच काढला.

कायद्याचं त्याचं ज्ञान अनुभवातून आलेलं. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. मारहाणीचं ३२३ जाऊन ११५ (२) आलं, चॅप्टर केसचं १०७ होतं ते १२६ झालं. तहसील कचेरीत कारकुनाने सवयीने १०७ लिहिलं, तर याने बोट ठेवून दुरुस्त करवलं. शांतता राखण्याचं बंधपत्र जास्तीत जास्त वर्षभराचं असतं, हेही त्याला ठाऊक; त्यामुळे हंगाम आणि बंधपत्र तो बरोबर जुळवून घेतो. जामीनदार कोण? तर ज्याच्या कानाखाली लावली त्याच्या संघाचा कप्तान. "मातीतलं मातीत राहिलं, साहेब," असं कप्तान सांगतो. पुढच्या शनिवारी खोपोलीला हा त्याच्याच संघातून उतरणार असतो, हे साहेबांना कोणी सांगत नाही. सांगायची गरजही नसते. "शनिवारी किती वाजता आहे रे मॅच?" असं साहेबांचा शिपाई बाहेर विचारतोच.

गावच्या मंडळाची शिस्तही काही कमी कडक नाही. चिटणीसांकडे माफीनाम्याचा छापील मसुदा तयार असतो, फक्त तारखेची जागा कोरी. 'माझ्या हातून अनवधानाने घडलेल्या प्रकाराबद्दल...' अनवधानाने एकाच माणसाला तीन वेळा कसं मारता येतं, हे कोणी विचारत नाही. एकदा गडबडीत त्याने दुसऱ्याच मंडळाला लिहिलेला माफीनामा यांच्याकडे दिला. बैठकीत तो मोठ्याने वाचला गेला आणि एकमताने मंजूर झाला.

फारच ताणलं, तर तो दाखले काढतो. २००८ साली मुंबई इंडियन्सचा हंगामी कर्णधार हरभजनसिंगने मोहालीत श्रीशांतच्या कानाखाली काढली आणि उरलेला हंगाम बाहेर बसला. २०११ मध्ये त्याच मुंबईने त्यालाच कप्तान करून चॅम्पियन्स लीग जिंकली. तो फुटबॉलवाला सुआरेझ तर चावला, तेही तीन वेगवेगळ्या सामन्यांत, तिघांना. २०१४ च्या विश्वचषकात तिसरा चावा घेतल्यावर चार महिन्यांची बंदी आली, आणि ती चालू असतानाच बार्सिलोनाने त्याला विकत घेतलं. "आणि मी तर अजून कोणाला चावलोही नाही," असं म्हणून तो बैठकीकडे बघतो. बैठक खाली बघते. कारण रविवारी उपांत्य फेरी असते, आणि समोरच्या संघाचा कोपरारक्षक आडदांड असतो.

शेवटी एकदा लाज वाटून मंडळाने आजीवन बंदीचा ठराव केला. सूचक, अनुमोदक, सही, शिक्का, सगळं रीतसर. तो हसला. आजीवन म्हणजे मंडळाच्या आयुष्याइतकं, हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. निवडणुकीत मंडळ फुटलं. एकाच्या जागी दोन मंडळं झाली, दोघांनी स्वतंत्र चषक जाहीर केले. पाणी कोणी कोणाच्या घरचं पीत नव्हतं, पण दोन्ही मंडळांच्या पहिल्या बैठकीतला पहिला ठराव शब्दाला शब्द सारखा होता: सदर खेळाडूवरील बंदी उठवण्यात येत आहे.